आईच्या वाट्याचं विमान

आमचे हे विमान कंपनीच्या वर्कशॉपात फिटर होते. नोकरी सांताक्रूझला आणि घर कर्जतजवळ दहिवलीत, अशीच त्यांची सगळी उमर गेली. पगार इतर कारखान्यांत मिळतो तेवढाच होता, पण एका सवलतीमुळे गाव आमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं. वर्षातून एकदा यांना, मला, मुलांना आणि यांच्या आईवडिलांना विमानाचा फुकट पास मिळायचा. फुकट असला तरी सगळी तिकिटं विकून सीट रिकामी राहिली तरच बसायला मिळे. नाहीतर पिशव्या उचलून परत घरी.

सासरे आधीच गेलेले. सासूबाईंचा पास दरवर्षी वाया जायचा. कर्जतहून मुरबाडच्या एसटीत बसल्या तरी त्यांना मळमळायचं. हे दरवर्षी विचारायचे, आणि त्या दरवर्षी म्हणायच्या, "मला वर जायची एवढी घाई नाय रं." आम्ही हसून विषय सोडून द्यायचो.

माझं माहेर कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. वडील लवकर वारले, भाऊ शेती बघायचा. माझी थोरली बहीण नागपूरला. तिचे यजमान मूळचे आमच्याच बाजूचे, पण नोकरी तिकडे लागली. ताईला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलगा झाला. त्याच सुमारास तिची सासू अंथरुणाला खिळली, त्यामुळे ताईला घर सोडून येता येईना. आणि इकडे आमची आई खळ्यात घसरून पडली, तिचा मणका दुखावला. गाडीत फार वेळ बसायचं नाही, असं कर्जतच्या डॉक्टरांनी बजावलं. नागपूरचा प्रवास म्हणजे आख्खी रात्र आगगाडीच्या हिसक्यांत. आईनं नातवाचा फोटो देवाच्या फळीवर ठेवला होता. मी गेले की तो काढून मला दाखवायची आणि विचारायची, "हा फोटो काढला त्याला किती दिस झाले असतील गं? आता बसत असंल का?"

हिशेब यांनीच मांडला. आईला जीपमध्ये आडवं झोपवून सांताक्रूझला न्यायचं. तिथून नागपूर म्हणजे तासा-सव्वा तासाची बाब. तेवढं बसणं तिला झेपलं असतं. विकतचं तिकीट काढायची आमची ऐपत नव्हती, म्हणून हे साहेबांना भेटले. साहेब चांगले होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. पण बायकोची आई कुटुंबात धरत नाहीत, नियम वरून आलेला आहे, एवढंच त्यांना सांगता आलं. प्रवास करून जमलेल्या मैलांवर पाहिजे त्या माणसाला तिकीट देण्याच्या सोयी फार पुढे निघाल्या. तेव्हा असलं काही ऐकिवातही नव्हतं.

हे सगळं सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझा पास हाय ना? माझ्या नावावर विहीणबाईंना धाडा. मातारी मातारी सारखीच दिसती."

हे घाबरले. सापडलो तर नोकरी जाईल म्हणाले. सासूबाईंना ते पटेना. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कशेळ्याची एसटी पकडली, मळमळ सोसत माझ्या माहेरी गेल्या आणि आईलाच विचारलं. आईनं ऐकून घेतलं, त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "जावयाच्या पोटावर पाय देऊन मला लेक बघायची नाय, विहीणबाई."

सासूबाई तशाच परत आल्या. रात्री जेवणाचं ताट उचलताना यांना म्हणाल्या, "मंग मी जाते, पोराला बघून येते आन् त्यांना सांगते. माझा पास मलाच चालंल ना?"

त्या खरंच जातील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण त्यांनी तयारी केली. आईनं नव्या तांदळाची पिशवी, कुळथाचं पीठ, वालाची डाळ आणि जुन्या लुगड्याची शिवलेली दुपटी पाठवली. त्यांच्या सोबतीला मी जाणार होते. पहिल्या खेपेला सकाळपासून काउंटरजवळ बसून राहिलो. लग्नसराई होती, विमान भरून गेलं. तांदूळ घेऊन परत दहिवलीला आलो. महिन्याभरानं पुन्हा गेलो. या वेळी काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली, पण एकच सीट होती.

मी सासूबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता नको म्हणतील. त्यांनी पदर खोचला, तांदळाच्या पिशवीकडे बोट दाखवून ती आधी चढवा म्हणाल्या, आणि एकट्या निघाल्या. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. हे धावत वर्कशॉपात गेले आणि तिथून नागपूरच्या स्टाफला फोन लावून सांगितलं, नऊवारीतली म्हातारी आहे, तिला उतरवून घ्या.

ताईकडे चार दिवस राहून त्या तशाच रिकाम्या सीटवरून परत आल्या. घरी पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाल्या, उद्या कशेळ्याला जायचं. मीही बरोबर गेले.

आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. सासूबाईंनी आधी विमानातला खाऊचा डबा काढला. त्यांनी तो न खाता आणला होता. केकचा तुकडा, चेपलेलं सँडविच आणि कानात घालायला दिलेला कापूस. मग विमानाचं सांगायला लागल्या. आईनं डबा बाजूला ठेवला. विमानाचं तिला काही ऐकायचं नव्हतं. ताई वाळली का, तिच्या घरात पाणी कुठून येतं, सासूचं करताना तिची कंबर दुखते का, पोराचे केस कुरळे आहेत का, तो कुणाच्या वळणावर गेलाय, असं ती एकेक विचारत गेली. सासूबाईंनी सगळं नीट बघून ठेवलं होतं. पोराचं नाक तुमचंच हाय, म्हणाल्या.

"मांडीवर घेतलात त्याला?" आईनं विचारलं.

"घेतला की. निजला माझ्या मांडीवर."

आईनं मान हलवली. थोड्या वेळानं भिंतीला धरून उठली, परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मी बघायला गेले तर ती अळूच्या वाफ्याजवळ पाठमोरी उभी होती. मला म्हणाली, पाणी किती वाया जातंय बघ. पाणी काही वाया जात नव्हतं.

परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तोंडाला पदर लावलेला, तो मळमळीमुळे असेल असं मला वाटलं. कर्जत जवळ आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी जायला नको व्हतं गं. तिची जागा खाल्ली मी."

मी त्यांना नाही नाही म्हटलं. त्यांनी आईसाठीच भीती गिळली होती. आणि आईला तर आता सगळं ठाऊक झालं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी.

पुढे आम्ही नवराबायको पासावर दोन-तीनदा फिरून आलो. दिल्ली पाहिली, मद्रास पाहिलं. सासूबाई त्यानंतर एकदाही विमानात बसल्या नाहीत. नियम बदलेल म्हणून हे दरवर्षी ऑफिसात चौकशी करत राहिले. नियम बदलायच्या आधीच आई गेली. नातवानं तेव्हा शाळेत जायला सुरुवात केली होती.

ताईची सासूही त्याच वर्षी वारली होती, म्हणून ताईला येता आलं, पण ती आगगाडीनं पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहाव्याला ती पोराला घेऊन माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसली. ओटीवर बाकीच्या बायका बोलत होत्या. तिनं हळूच विचारलं, मावशी, तुम्ही परत आल्यावर आईनं माझं काय काय विचारलं होतं?

सासूबाईंनी पोराला मांडीवर ओढून घेतलं. आणि तुझ्या घरात पाणी कुठून येतं, इथपासून सांगायला सुरुवात केली.