बघायला आले आणि वाक्यं जोडायला लावली

पोरगी बघायला यावं, चहा-पोहे घ्यावे, मामाकूळ विचारावं आणि जावं. आमच्या एकोडीत एवढंच करतात. पण शहापूरहून आलेले ते पाहुणे व्याकरणाचा पेपर घेऊन आले होते. आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तेव्हा मी एम.ए. करून घरी होते आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर दहावीच्या पोरापोरींची इंग्रजीची शिकवणी घ्यायचे. दोन वाक्यं 'हू' नाहीतर 'विच' घालून जोडा म्हटलं की पोरं हमखास अडकायची. मराठीत 'जो' आला की मागून 'तो' येतोच, म्हणून तीही बिनधास्त लिहायची, 'द मॅन हू केम येस्टर्डे ही इज माय अंकल.' मी ओरडायचे, "अरे, त्या 'ही'ले घरी ठेवून या ना!" पोरं खिदळायची आणि हळूहळू शिकायची. त्या शिकवणीत माझा जीव होता. लग्नानंतरही ती सोडणार नाही, हे मी बाबांकडून कबूल करून घेतलं होतं. बाबांनी मध्यस्थामार्फत तसा निरोपही धाडला होता.

मुलाचे मामा रिटायर्ड हेडमास्तर. मी धड बसलेही नव्हते, तर म्हणतात कसे, "बेटा, इंग्लिशची एम.ए. ना तू? मंग हे जोडून दाखव." आणि सुरूच झाले की बाप्पा! 'हू' झालं, 'विच' झालं, 'हूज' झालं. तोंडात पोहे आणि बोटानं हवेत स्वल्पविराम काढणं चाललंय. मुलगा मोबाइलमध्ये, मुलाची आई माझ्या रंगाकडे बघत. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. बाबांची छाती फुगली.

"वा! पोरगी पास," मामा म्हणाले.

पास! मी काय यांच्या शाळेत नाव घातलं होतं?

मग मुलाच्या आईनं तोंड उघडलं. "चांगलं हाय. आमच्या नातवाईचा अभ्यास घरच्या घरी होईन. पण ते शिकवणी-बिकवणी नाही चालनार. लोकाईची पोरं कायले आपल्या ओसरीवर?"

"पण आमी तं आधीच सांगून ठेवलं होतं," बाबा चाचरत म्हणाले.

"लग्नाआधी सगळेच सांगतात, भाऊ."

माझं डोकंच फिरलं. शिकवू द्यायचं नव्हतं, तर मघापासून मला पिळत कशाला होते? बैलाचे दात बघतात, पण निदान त्याला कामाला जुंपायचं असतं म्हणून तरी!

मी मामांकडे वळले. "सर, आता मी देऊ दोन वाक्यं? 'ही ती मुलगी आहे. हिला आम्ही शिकवू देणार नाही.' इंग्रजीत जोडा."

जन्माची सवय. मामांनी चमचा खाली ठेवला आणि वर्गात बोलावं तसं खणखणीत म्हणाले, "धिस इज द गर्ल हूम वी विल नॉट अलाउ टू टीच." वर आपल्याच उत्तरावर मान डोलावली. आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानात शिरलं. मान डोलायची थांबली. मुलानं पहिल्यांदाच मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"एकदम बरोबर, सर," मी म्हटलं आणि आत निघून गेले.

पाहुण्यांची गाडी वळली तशी आईनं कपाळावर हात मारून घेतला. "जीभ आवरता नाही आली वो तुले? आता कोन येईन या दारात?"

बाबांनाही मी मान खाली घालायला लावली असं वाटून मी उशीत तोंड खुपसलं आणि रडले, रागानंच रडले. थोड्या वेळानं बाहेर काहीतरी झटकल्याचा आवाज आला म्हणून उठून पाहिलं. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या बाबांनी भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि ओसरीवर ते शिकवणीची सतरंजी अंथरत होते.

"बाई, तोंड धुऊन घे," ते म्हणाले. "पोरं येऊन राहिले दारात."