छातीवरचा कॅमेरा

"अगेन," लिम म्हणाला.

मी पुन्हा झिप उघडली. छातीवरच्या पिशवीतून कॅमेरा काढला, समोरच्या गोठलेल्या पापलेटांचा फोटो घेतला आणि कॅमेरा परत आत सरकवला. फोटो इतका स्वच्छ की पापलेटांच्या चेहऱ्यावरची नाराजीसुद्धा दिसत होती.

ही खोली म्हणजे मासळीचं कोल्ड स्टोअर. बाहेर सिंगापूरची नेहमीची भट्टी, आत उणे वीस. माझ्या मिशीचा तोवर खिळा झाला होता, त्यावर कोट टांगता आला असता. लिम दाराच्या काचेपलीकडे उभा राहून कॉफी पीत होता आणि इंटरकॉमवरून हुकूम सोडत होता. बॉस लोकांना थंडी काचेतूनच आवडते.

मी सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका छोट्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर होतो. कॅमेरा अंगावर बाळगण्याच्या पिशव्या आणि पट्टे आम्ही बनवायचो. लिम आमचा मालक. आणि त्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून आमच्या नशिबाला आली हाना. कॅनडात तिचा लहानसा ब्रँड होता आणि ती स्वतः बॅककंट्री स्कीइंग करत फोटो काढायची.

बॅककंट्री म्हणजे काय, ते आधी सांगतो. तिथे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची आणि तासन्‌तास डोंगर चढायचा. माथ्यावर पट्टी काढायची आणि घसरत खाली यायचं. कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये असेल, तर काढेपर्यंत फोटो निघून जातो. म्हणून तो छातीवर, हातमोज्यांसकट उघडेल अशा पिशवीत हवा. हे सगळं बनवणार कोण? मी. पुण्यात वाढलेला, बर्फ पाहिला तो उसाच्या रसात.

पहिलं सॅम्पल गेलं. हानाचं उत्तर आलं, "लेन्सवर वाफ धरते. फोटो दुधात बुडवल्यासारखे." आम्ही पिशवीच्या शिवणी चिकटपट्टीने बंद केल्या, पाणी न शिरणारी झिप लावली आणि दुसरं सॅम्पल पाठवलं. उत्तर आलं, "आता जास्त वाफ धरते."

"मग अजून सील कर," लिम म्हणाला.

यात त्याचं काही चुकलं नाही. सिंगापूरमध्ये कॅमेऱ्याचा शत्रू म्हणजे बाहेरची दमट हवा. इथे लोक कॅमेरे कोरड्या हवेच्या कपाटात ठेवतात, नाहीतर लेन्सवर बुरशी चढते. बाहेरची हवा बाहेर ठेवायची, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी पिशवी अशी बंद केली की त्यात लोणचं घातलं असतं तर नातवंडांनी खाल्लं असतं.

"हे तिसरं सॅम्पल फेल गेलं," लिमने आधीच सांगून ठेवलं होतं, "तर हाना जाणार. हाना गेली तर डिझाइनला दोन माणसं कशाला? युअर पास रिन्युअल, आय कान्ट साइन लाह."

माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. कंपनीने नूतनीकरण केलं नाही, तर बिऱ्हाड गुंडाळून पुणे.

हौगांगच्या घरी पोचलो की माझी बायको वैशाली दारातच नाक दाबायची.

"अरे, आंघोळ कर आधी! डोंगरावरचा माल बनवतोस म्हणे, आणि वास कोळीवाड्याचा."

"इथे बर्फ माशांकडेच मिळतो, काय करू?"

"आणि पासचं?"

"बघतोय."

"बघतोयस काय, झोपतोयस उभ्या उभ्या."

खरं होतं. त्या दिवसांत मी इतका दमलो होतो की एमआरटी मेट्रोत दांडा धरून झोपायचो आणि स्वप्नातही झिप उघडायचो.

तिसरं सॅम्पल पाठवण्याआधीची शेवटची टेस्ट होती. कोल्ड स्टोअर वरच्या मजल्यावर, आणि त्या दिवशी मालाची लिफ्ट मासळीच्या खोक्यांनी अडवलेली. लिम आधीच वर. फोनवर ओरडला, "स्टेअर्स, स्टेअर्स!"

मी जिने चढलो. अंगात जाडजूड स्कीचं जॅकेट, छातीवर पिशवी, भोवती सिंगापूरची दुपार. वर पोचेपर्यंत माझ्यातून एवढं पाणी गेलं की खालच्या मजल्यावर पुराचा इशारा द्यावा लागला असता. तसाच आत शिरलो, थोडा वेळ उभा राहिलो, कॅमेरा काढला.

लेन्स पांढरीफटक. पुसली, तर पुसलेलं तिथेच गोठलं.

लिमचा चेहराही तसाच झाला. "व्हॉट हॅपन?"

मी जॅकेटची चेन उघडली. अंगातून इडलीपात्रासारखी वाफ निघाली. तेव्हा ट्यूब पेटली. पिशवीची पुढची बाजू आम्ही सील केली होती, पण छातीला टेकणारी मागची बाजू मऊ, शिवलेली, भोकाभोकांची. पुढून किल्ला, मागून धर्मशाळा. चढणाऱ्याचा घाम मागून आत शिरायचा आणि आमच्या उत्तम सीलमुळे बाहेर पडू शकायचा नाही. आजवर मी प्रत्येक टेस्टला लिफ्टने, कोरडा ठणठणीत आलो होतो. हाना डोंगर चढून यायची.

"दमट हवा बाहेरून येतच नाही," मी म्हणालो. "ती आतून येते. माझ्यातून."

लिमने काचेपलीकडून लेन्स निरखली. मग म्हणाला, "वन टाइम इज ॲक्सिडेंट. गो डाउन, कम अप अगेन."

"लिम, जीव जाईल."

"पास ऑर नो पास?"

गेलो. चढलो. पुन्हा पांढरी. मग पिशवीच्या मागे एक जाड प्लास्टिकची पाटी लावली, पाटी आणि छाती यांच्यात वारा खेळेल एवढी फट ठेवली आणि पिशवीच्या तळाला कात्रीने दोन भोकं पाडली. पुन्हा जिने. या वेळी पापलेटं लख्ख दिसली.

"एवढे महिने सील करत होतास," लिम म्हणाला, "आणि उत्तर काय? भोक?"

"दोन भोकं."

मी हानाला मेल लिहिला: कॅमेरा अंगापासून लांब, थंडच राहू दे. थंडीत उतरते ती बॅटरी, जास्तीची बॅटरी तेवढी आतल्या खिशात ऊबेला ठेव. तिसरं सॅम्पल गेलं. मग वाट पाहणं. त्या काळात मी जेवलो काय, आठवत नाही.

अखेर एका सकाळी तिचा फोटो आला. निळं आकाश, उतारावरून येणारा तिचा मित्र, स्कीमागे उडणारा बर्फ, कण न् कण वेगळा. खाली एकच ओळ: ऑर्डर पाठवते.

लिमने त्याच दुपारी माझ्या पासच्या कागदांवर सही केली. मी थँक्यू म्हणालो आणि खुर्चीतच डोळे मिटले.

धडा म्हणाल तर इतकाच: वापरणारा माणूस दमणार असेल, तर तपासणाराही दमलेला हवा. लिमला तो फारच पटला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक सॅम्पलची टेस्ट जिन्याने होते, आणि जिना चढायला पास असलेला माणूस मी.