सुट्टीबाबत तीन मेल

गोदामांच्या एका खाजगी कंपनीत मी जिल्हा व्यवस्थापक होते. ऑफिस यवतमाळला, गोदामं तालुक्यांच्या गावी. सकाळी संगणक उघडला की शे-दीडशे मेल. जेवताना वाचायचे, ऑटोत वाचायचे, तरी ढीग हलत नसे. त्यात गोदामपालांचे फोन. शेवटी एका बैठकीत मी सगळ्यांना बजावलं, "उठसूट फोन करू नका. जे असेल ते मेलवर कळवा." आणि मेलची वाटणी करून टाकली. विषयात 'सुट्टी' असेल तो मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जायचा. ते फोल्डर महिनाअखेरीस बघायचं ठरवलं होतं. पुढचे काही दिवस मला फार हलकं वाटलं.

पांढरकवड्याचे गोदामपाल माझ्याहून बरेच मोठे. मी नवी असताना सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओल कशी ओळखायची, ते त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचे मेल त्यांची मुलगी टाइप करून द्यायची.

जानेवारीच्या बैठकीला ते भिंतीला हात लावत जिना चढले, खुर्ची चाचपून बसले. बैठक संपल्यावर मी त्यांना थांबवून घेतलं.

"डोळ्यांना काय झालं?"

"उजव्यानं दिसत नाही आता, डाव्यानंबी अंधुक दिसते. शुगरचं आहे म्हणे. डॉक्टरनं नागपूरले लवकर दाखवा म्हटलं, म्हून सुट्टी मागतली होती."

"कधी?"

"मेल केलते न मॅडम. तीन खेपा."

मी त्यांच्यासमोरच फोल्डर उघडलं. तिन्ही मेल होते, न उघडलेले. पहिला दिवाळीनंतरचा. खरेदीच्या धांदलीत दोन महिनाअखेरी माझ्या लक्षातच राहिल्या नव्हत्या.

"अहो, फोन का नाही केला?"

"तुमीच तं नाही म्हटलं होतं." बोलण्यात टोमणा नव्हता. "जवाब नाही आला. मले वाटलं, गोदाम मालानं भरून आहे, मॅडम नाहीच म्हणत असतीन."

दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीनं त्यांना नागपूरला नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, "डावा आहे तेवढा वाचवू. उजव्यासाठी उशीर झाला." मुलगी सोबत होती. ती डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.

येताना मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्या मागंबी किती कामं राह्यते." ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी ती वाटणी काढून टाकली. फोन पुन्हा सुरू झाले, मेल साचतच राहिले, वरिष्ठांची बोलणीही खाल्ली.

मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मी पांढरकवड्याला गेले. त्यांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या, आता रजिस्टरवर सही राहिली होती. ते वाकून रेघ शोधत होते. मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

"बराबर झाली न?"

नाव तिरपं उतरत खालच्या दोन ओळींवर गेलं होतं.

"झाली," मी म्हणाले.