इस्माईलची क्रिस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. तुम्ही माझे कोण? तरीही ऐका.

साठ सालानंतरची ती वर्षं. कुवेतला शुवैखच्या बंदरात मी मालगोदामाचा कारकून होतो. घर रत्नागिरीकडे. नाद एकच — पाती जमवायची. फिलिपिन्सच्या दक्षिण बेटांवर मोरो मुसलमान राहतात, त्यांच्या तलवारी. तिकडचे खलाशी बोटीवरून उतरले की मी त्यांच्या मागे लागायचो. रुंद पानासारखी बारोंग मिळवली, टोकाकडे रुंदावणारी लांब कंपिलान मिळवली, शेजारच्या बोर्निओची एक मांडाऊही. शुक्रवारी खोलीत सतरंजीवर मांडून एकीशी दुसरी ताडून बघायची. नऊ वर्षांत सात पाती. जुनी, नागमोडी क्रिस मात्र नव्हती.

आणि ती इस्माईलला मिळाली.

इस्माईल माझ्याच गावचा, क्रेनवर कामाला. शुक्रवारी माझ्याकडे यायचा, पात्यांना तेल लावायचा, मी सांगेन ते ऐकायचा. त्याला हे सगळं मीच शिकवलं — हेच जास्त खुपलं का मला? त्याच मोरो मुलखातल्या सुलू बेटाचा एक खलाशी बंदरात तापानं फणफणला होता. इस्माईलनं त्याला इस्पितळात नेलं, पंधरा दिवस रोज पेज पोचवली. बोट सुटताना त्या माणसानं आपल्या आजोबांची क्रिस त्याच्या हातात ठेवली. मागितली नव्हती, शोधली नव्हती. पंधरा दिवसांच्या पेजेवर!

"भाय, तुमीच बघून सांगा," तो म्हणाला. डोळे नुसते चमकत होते त्याचे.

जुन्या क्रिसची एक खूण असते. मुठीलगतचा आडवा तुकडा वेगळा घडवून पात्याला बसवलेला असतो. बाजारासाठी केलेल्या नव्या पात्यावर तिथे नुसती रेघ कोरतात. मी भिंग लावलं. सांधा होता — केसाइतका बारीक, पण खरा. पहिल्याच नजरेत दिसला. मी भिंग खाली ठेवलं आणि म्हणालो, "कोरलेली रेघ आहे रे. आजोबा कसले — बाजारातला माल. फसवलं त्यानं तुला."

त्याचा चेहरा उतरला. ते बघून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

"राहू दे माझ्याकडे," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. मला वाटलं, देईल. पण तो म्हणाला, "नको भाय. तुमच्या चांगल्या पात्यांत ही खोटी कशाला?" आणि कापडात गुंडाळून घेऊन गेला.

कुवेतच्याच दक्षिणेला, वफ्र्याला खजुराच्या बागेत त्याचा मेहुणा होता. झावळ्या तोडायला त्याला पातं हवं होतं. इस्माईलनं क्रिस त्याला दिली. त्यानं सहाणेवर घासून सगळी वळणं काढली, मूठ तोडली, लोखंडी नळीत ठोकून बसवली. मला कळेपर्यंत महिना गेला होता.

मग एका शुक्रवारी इस्माईलनं माझ्यापुढे तो आडवा तुकडा ठेवला. ठोकताना सुटून आला होता. अख्खा, वेगळा. खूण मीच शिकवलेली होती ना? आता बोलेल, मला वाटलं. शिवी देईल.

"नजर चुकली तुमची, भाय," तो म्हणाला. "माणूसच तुमी. चला, डोळे तपासून घेऊ."

आणि मी गेलो! डॉक्टरसमोर बसून धडधडीत दिसणारी अक्षरं चुकीची वाचली. चष्मा घेतला. त्यातून सगळं धूसर दिसायचं, डोकं दुखायचं, तरी वर्षभर वापरला.

पुढच्या साली तो सुलूचा खलाशी परत आला. शुक्रवारी इस्माईलला शोधत माझ्या खोलीवर आला, तेव्हा इस्माईल तिथेच होता. मुलगा झाला होता त्याला. मुलाच्या नावानं ती क्रिस एकदा हातात घ्यायची होती, एवढंच. इस्माईल मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आय लॉस्ट इट. सॉरी."

माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. त्याला ठाऊक होतं का सगळं? की खरंच माझी नजर चुकली असं वाटत होतं त्याला? मी कधी विचारलं नाही. खलाशी मान खाली घालून उभा होता. एक वाक्य पुरलं असतं — याच्याकडून नाही हरवली, मी खोटं बोललो.

मी चहा सांगितला. तो न पिताच खलाशी गेला.

इस्माईल जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मयतीला मी गावात होतो, खांदाही दिला. तेव्हाही बोललो नाही.