आईच्या मापाचा ब्लाऊज

दुकानातल्या ट्रायल रूमबाहेर एक आई आपल्या ठेंगण्या लेकीपुढे गुडघे टेकून बसली होती. ओठांत टाचण्या धरूनच ती म्हणाली, "हलू नकोस, टोचेल."

"आई, पुरे ना! लोक बघतायत."

मीसुद्धा अशीच वैतागायचे. माझी उंची चार फूट नऊ इंच. तयार कुर्त्यांचे खांदे माझ्या दंडावर उतरतात, बाह्यांत बोटं बुडून जातात. आईही माझ्याएवढीच, बांधाही तोच. माझा प्रत्येक नवा कपडा ती आधी उसवायची आणि मग माझ्या अंगावर टाचून घ्यायची.

ती गेल्यावर तिच्या साड्या मावशीने, काकूंनी आठवण म्हणून नेल्या. ब्लाऊज मात्र कुणालाच होईनात, म्हणून ते माझ्याकडे राहिले. परवा एका लग्नाला जाताना त्यातला एक घातला. खांदा बरोबर खांद्यावर, बाही कोपराच्या वर, कुठे चुणीसुद्धा नाही. न उसवता अंगाला बसलेला हा माझा पहिला कपडा.

आरशासमोर मी सवयीने हात पसरून उभी राहिले. मागे कुणीच नव्हतं. तरी बराच वेळ मी हलले नाही.