किल्लेदाराची पगडी

कपाट उघडताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आम्ही केलेले ते ऐतिहासिक नाटक आठवते. निवृत्ती जवळ आली असताना मी आयुष्यात प्रथमच रंगमंचावर उभा राहिलो होतो, तेही हरूनही न झुकणाऱ्या किल्लेदाराच्या भूमिकेत. भाड्याने आणलेल्या पगडीला असाच डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि ती मला सैल होत होती; परंतु भिडस्त स्वभावामुळे ते कुणाला सांगायचे राहून गेले. समोर शत्रूचा सरदार म्हणून अंबडच्या कारखान्यातला एक तरुण फिटर होता. तालमीत तो मला सारखा चिडवी, “काका, जरा जोरात! किल्ला गेलाय, आवाज नाही.” प्रयोगात मात्र मी सारे बळ एकवटून गरजलो, “ही मान झुकणार नाही!” आणि त्या हिसक्याने पगडी घरंगळत थेट त्याच्या पायांशी गेली. प्रेक्षकांत हशा उसळला. माझ्या तोंडून पुढचे वाक्य निघेना. सगळ्यांदेखत अब्रू गेली, असेच मला वाटले. तो मात्र हसला नाही. त्याने वाकून पगडी उचलली, दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवली आणि संहितेत नसलेले वाक्य तो बोलला, “किल्लेदार, किल्ला आम्ही जिंकला, पगडी तुमचीच.” हशा विरला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्यात मला माझे वाक्यही आठवले. पडदा पडताच तो कानाशी कुजबुजला, “काका, पुढच्या प्रयोगातपण पाडा बरं का, लय टाळ्या पडल्या!” आजही वसाहतीतले लोक ‘पगडी पडलेले किल्लेदार’ अशीच माझी ओळख करून देतात, आणि ती ऐकताना माझी मान नकळत ताठ होते.