खुणेच्या वर

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांचं सामान एकाच फ्रिजमध्ये असायचं. पेशी वाढवायचं गुलाबी द्रव महाग, म्हणून मी माझ्या बाटलीवर पेनाने खूण करून ठेवायचे. असोद्याहून बसने येतानाही माझा जीव त्या बाटलीत अडकलेला असे.

काम उंदरांच्या एका विषाणूवर होतं. हा लबाड पेशीत शिरला की आपली सगळी कृती तिच्याच डीएनएत लिहून टाकतो. माझा प्रश्न एवढाच होता, की विषाणू न देता नुसता त्याचा डीएनए पेशींना दिला, तर त्यातून लागण करणारा जिवंत विषाणू उभा राहील का? एका डिशमधल्या पेशींना मी डीएनए दिला, दुसरीतल्यांना काहीच दिलं नाही. ही दुसरी म्हणजे कंट्रोल. माझी पीएच.डी. या दोन डिशांवर होती.

डीएनएच्या डिशमधलं द्रव तपासलं, तर त्यात विषाणू! सर म्हणाले, "लिहायला घ्या." मी विभागात पेढे वाटले. रसायन कमी होतं म्हणून कंट्रोलची चाचणी मागे ठेवली होती. ती केली आणि तिथेही विषाणू निघाला. ज्या पेशींना काहीच दिलं नव्हतं त्यांना लागण झाली कशी? आता माझ्या पहिल्या निकालालाही काडीची किंमत उरली नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं. माझी नजर शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे वळली. ती शिरपूरची, माझ्यानंतर आलेली. तिच्या डिशांत हाच विषाणू मुद्दाम वाढवलेला असायचा. शिवाय माझा पेढा तिने जरा जास्तच आनंदाने खाल्ला होता. दुसऱ्याच्या यशाचा इतका आनंद कुणाला होतो?

मी फ्रिजमधून माझी बाटली काढली. दोन्ही डिशांत ओतून झाल्यावरही द्रव त्याआधी केलेल्या शेवटच्या खुणेच्या वर होतं. ते खाली गेलं नाही ना, एवढंच मी रोज पाहायचे. वर चढलंय का, हे बघायचं कधी सुचलंच नव्हतं. चोर माल नेतो, आणून ठेवत नाही. म्हणजे हे चोरीपेक्षाही वाईट काहीतरी आहे, असं मी ठरवून टाकलं. सरांना सांगून तिला या खोलीतून बाहेर काढायचं, हेही ठरवलं. आधी तोंडावर विचारू म्हटलं.

"माझ्या बाटलीला हात लावला होतास?"

"हो ताई," ती लगेच म्हणाली. "तुम्ही जेवायला गेल्या होत्या, माझं संपलं होतं. नवीन आल्यावर भरून ठेवलं."

"कुठलं भरलंस?"

"माझ्या बाटलीतलंच." माझा चेहरा पाहून ती गांगरली आणि थेट घरच्या बोलीवर आली. "रिकामं भांडं कसं परत दिऊ, अक्का? आपलामा कोनी देस का?"

नाहीच देत आपल्यात कोणी. आमच्याकडेही भाजीची वाटी परत करताना आई गुळाचा खडा टाकते. पण हिच्या बाटलीत विषाणू असलेल्या पेशींवर फिरलेली पिपेट बुडाली होती, आणि तेच द्रव मी माझ्या दोन्ही डिशांत ओतलं होतं. मी तिच्या डोळ्यांत डाव शोधत राहिले. डाव असता तर बरं झालं असतं, निदान कडकडून भांडता आलं असतं.

मी सगळं पुन्हा केलं. डीएनए तोच, पेशी त्याच, बाटली मात्र नवी आणि सरांच्या केबिनमध्ये कुलपात ठेवलेली. चाचणीच्या दिवशी ती मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. कंट्रोलचा निकाल आला. एकही विषाणू नाही.

"स्वच्छ आलं ना ताई!" ती टाळ्याच वाजवायला लागली. "सुटलो!"

मी डीएनएच्या डिशचा निकाल तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला. तिथेही काहीच नव्हतं. माझा डीएनए तुटका होता की माझा हात चुकला होता, ते अजून शोधायचं होतं.

"म्हणजे तेव्हा जो विषाणू आला होता..." तिने कागद खाली ठेवला.

"तो तुझा होता," मी म्हणाले आणि मला रडू कोसळलं.